गाडीचे वय आणि आपले अज्ञान

आषाढी जवळ आली की हैदराबादेतल्या मराठी घरांत आणि मंडळांत एक वाद नेमाने उभा राहतो. माणसे बसने किंवा रेल्वेने पंढरपूरला जाणार, हे ठरलेले असते. पण पातेली, शिधा, ताडपत्र्या, औषधांची पेटी, पुस्तकांचे गठ्ठे हे सारे कशातून न्यायचे? कोणाच्या तरी दुकानाचा किंवा शेतीचा जुना पिकअप अंगणात उभा असतो. त्याच्याकडे पाहून घरातले सुशिक्षित चिरंजीव म्हणतात, ‘पंधरा वर्षे होऊन गेली, भंगारात काढा.’ वडील म्हणतात, ‘चालतोय की अजून! एवढी वर्षे गेला, यंदाही जाईल.’ पहिला पक्ष स्वतःला आधुनिक समजतो, दुसरा व्यवहारी. आम्हांला दोन्ही पक्ष अमान्य आहेत, आणि ते का अमान्य आहेत हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

वरवर पाहता हे दोन पक्ष परस्परविरोधी आहेत. परंतु मुळाशी गेले तर ते सख्खे भाऊ ठरतात. गाडीचे बॉनेट उघडून आत पाहण्याची तसदी दोघांनाही नको आहे. भंगारवाद्याला नोंदणीपुस्तकावरची तारीख पुरते, ‘चालतेय’वाद्याला मागच्या वर्षीची आठवण पुरते. तारीख आणि आठवण यांपैकी एकीनेही ब्रेक लागत नाहीत. जुनी गाडी लांबच्या प्रवासाला भरवशाची आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर गाडीतच असते आणि ते तपासूनच मिळते. ही साधी गोष्ट विसरल्यामुळे आपण एकतर चांगली गाडी मोडीत काढतो, नाहीतर वाईट गाडी महामार्गावर सोडतो.

प्रथम भंगारवाद्यांचा समाचार घेऊ. त्यांचा सगळा भर कायद्यावर असतो, तेव्हा कायदा काय सांगतो ते पाहावे. १३ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले आणि त्याच्या नावातच ‘स्वेच्छा’ हा शब्द ठेवला. पंधरा वर्षे उलटलेल्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द करण्याचा नियम झाला, हे खरे. पण इतरांच्या वाहनांबाबत या धोरणाने निकष ठेवला तो योग्यता-चाचणीचा. मालवाहू वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता-प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे कायदासुद्धा गाडीला ‘तू कधी जन्मलीस’ एवढेच विचारून थांबत नाही, ‘आज तुझी प्रकृती कशी आहे’ असे विचारतो. दिल्लीच्या परिसरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये डिझेल गाड्यांना दहा व पेट्रोल गाड्यांना पंधरा वर्षांची मर्यादा घातली होती, आणि तिच्यावर पुढेही न्यायालयात वाद होत राहिला. पण त्या मर्यादेचे कारण तिथली हवा हे होते. गाडी वाटेत बंद पडते की नाही, याच्याशी तिचा संबंध नव्हता. दिल्लीची बातमी अर्धवट वाचून हैदराबादेतल्या गाडीवर निकाल देणे हे आळसाचे लक्षण आहे, आधुनिकतेचे नव्हे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा घेतला जातो, आणि तो गंभीर आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मेली. हे आकडे वाचून कोणाच्याही अंगावर काटा यावा. परंतु त्याच अहवालात सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदलेले आहेत. नवी कोरी गाडी घेऊन ताशी एकशे वीसच्या वेगाने सोलापूर गाठणाऱ्या चिरंजीवांनी जुन्या पिकअपला धोकादायक म्हणण्यापूर्वी हा आकडा दोनदा वाचावा. याचा अर्थ जुन्या गाड्या निर्दोष आहेत असा नाही. निष्काळजीपणे ठेवलेली जुनी गाडी जीवघेणीच असते. पण त्या वाक्यात वजन ‘निष्काळजीपणे’ या शब्दावर आहे, ‘जुनी’ या शब्दावर नाही.

आता ‘चालतेय’वाद्यांकडे वळू. त्यांच्याविषयी आम्हांला आपुलकी वाटते, म्हणून त्यांना अधिक कठोर बोलणे भाग आहे. शहरात दररोज दहा-बारा किलोमीटर फिरणारी गाडी आणि सलग आठ-दहा तास भार ओढत जाणारी गाडी यांच्यावर पडणारा ताण एकसारखा नसतो. सुलतान बाजारापासून काचीगुड्यापर्यंत जाताना इंजिन धड तापतही नाही, तोवर प्रवास संपतो. हैदराबाद ते सोलापूर हे अंतर तीनशे किलोमीटरहून थोडे अधिक आणि तिथून पंढरपूर आणखी सत्तरएक. पटणचेरू, संगारेड्डी, जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग असा हा रस्ता जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ९ होता, २०१०च्या फेरक्रमांकनानंतर तो ६५ झाला. या वाटेवर रेडिएटरमधला गाळ, होज पाइपची भेग, जुन्या टायरची झीज आणि डिझेलच्या नळीतून आत शिरणारी हवा अशी सगळी दडलेली दुखणी एकेक करून वर येतात. ‘मागच्या वर्षी गेली होती’ हा पुरावा नव्हे. मागच्या वर्षी गेली, म्हणून यंदा ती एका प्रवासाने आणखी झिजलेली आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते.

या पक्षाचे दुसरे लाडके दैवत म्हणजे जुगाड. तार बांधली, साबण लावून टाकीची गळती थांबवली, फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी घातली आणि गाडी चालू झाली की मंडळी खूश. अडल्या वेळी घरापर्यंत पोहोचण्यासाठी केलेली युक्ती कौतुकास्पद असते यात शंका नाही. पण ती घरी पोहोचल्यावर काढून टाकायची असते. फ्यूज जळतो तो तार जळू नये म्हणून. त्याच्या जागी चांदी घालणे म्हणजे पहारेकऱ्याला हाकलून घर उघडे टाकणे. त्याहून वाईट प्रकार म्हणजे एक पाटा वाढवून गाडीत दीडपट माल भरणे. पाटा वाढवला की मागची बाजू खाली बसत नाही, एवढेच होते. ब्रेक, ॲक्सल, बेअरिंग आणि टायर पूर्वीचेच राहतात. आणि सर्वांत वाईट प्रकार म्हणजे त्याच मालाच्या हौद्यात माणसे बसवणे. हा कायद्याने गुन्हा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या फळीला बसण्याची जागा नाही, धरायला काही नाही, तिथे आपली म्हातारी माणसे आणि लेकरे बसवून विठ्ठलाला भेटायला नेणे हे कुठल्या भक्तीत बसते? सामान पिकअपमध्ये आणि माणसे बसमध्ये, एवढा एक नियम तरी आपल्या घरांनी यापुढे मोडू नये.

या वाटेशी आणि या वाहनाशी आपले नाते काय, हेही एकदा आठवावे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद संस्थानाच्या जुन्या प्रदेशाचे तीन वाटे झाले. त्यापूर्वी उमरगा, नळदुर्ग, तुळजापूर ही गावे आपल्याच राज्यात होती. आज याच रस्त्याने जाताना तेलंगण, कर्नाटक आणि महाराष्ट्र असे तिघांचे सीमाफलक लागतात. आणि याच रस्त्यावर, हैदराबादपासून शंभरएक किलोमीटरवर, जहीराबाद आहे. १९४२ साली स्थापन झालेल्या हैदराबाद ऑल्विन कारखान्याने ऐंशीच्या दशकात जपानच्या निसान कंपनीच्या सहकार्याने तिथे हलके मालवाहू ट्रक बांधायला सुरुवात केली. ‘ऑल्विन निसान’ हे नाव आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. भाजीबाजारापासून लग्नाच्या सामानापर्यंत सारे काही त्या गाड्यांनी वाहिले. त्या दशकाच्या अखेरीस हा उद्योग महिंद्र समूहाकडे गेला. म्हणजे ज्या वाटेने आपण पंढरीला जातो, त्याच वाटेवर त्या काळच्या पिकअपचे जन्मगाव आहे. ज्या प्रदेशाने अशी वाहने बांधली, त्या प्रदेशातल्या घरांनी ती सांभाळता येत नाहीत म्हणावे, याची थोडी तरी लाज वाटायला हवी.

याहून जुना दाखला हवा असेल तर तोही इथेच आहे. निजाम सरकारच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी रस्ते-वाहतुकीचा विभाग सुरू केला. पुढे १९५८ साली झालेल्या आंध्र प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळाची आणि आजच्या तेलंगणच्या महामंडळाची पाळेमुळे त्या विभागात आहेत. त्या पहिल्या काळातली, स्कॉटलंडच्या ऑल्बियन कंपनीची एक बस ‘डेक्कन क्वीन’ या नावाने महामंडळाने जतन करून ठेवली आहे. त्या बसगाड्या सांभाळणारा विभाग रेल्वेचा होता, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. रेल्वेत इंजिन बंद पडल्यावर तपासत नाहीत, बंद पडू नये म्हणून ठरल्या दिवशी, ठरल्या अंतरानंतर तपासतात आणि त्याची नोंद ठेवतात. याच्या नेमके उलटे उदाहरण पाहायचे असेल तर चौमहल्ला राजवाड्यात जावे. सहाव्या निजामांनी मागवलेली आणि त्यांच्या १९११ मधील निधनानंतर, १९१२च्या सुमारास तयार झालेली पिवळी रोल्स रॉइस तिथे ठेवली आहे. ती राजेशाही गाडी आयुष्यात फारच थोडी धावली. पाहायला ती सुंदर आहे. पण न वापरलेली गाडी चांगली राहते, हा समज मात्र तिच्याकडे पाहून कोणी करून घेऊ नये. उभ्या गाडीचे रबर सुकते, टाकीत ओल धरते, बॅटरी मरते, ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. वर्षातून अकरा महिने ताडपत्रीखाली झाकलेला पिकअप बाराव्या महिन्यात एकदम लांबच्या वाटेवर काढणे, हा त्याच्यावर अन्याय आणि आपल्यावर संकट आहे.

तर मग करायचे काय? आम्ही इथे यंत्रशास्त्राचा पाठ देणार नाही. पण कोणते काम आधी आणि कोणते नंतर हा क्रम समजून घेतल्याशिवाय आमचे म्हणणे पुरे होणार नाही, कारण आपल्याकडे नेमका क्रमच उलटा असतो. प्रवास ठरला की प्रथम रंग, मग सीटचे कव्हर, मग गाण्याचा डबा, मग हार-तोरण, आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी म्हणतो, ‘अरे, ब्रेक जरा पाहून घ्या!’ खरा क्रम असा असला पाहिजे: गाडी थांबली पाहिजे, वळली पाहिजे, तापता कामा नये, इंजिनाला स्वच्छ इंधन मिळाले पाहिजे, दिवे लागले पाहिजेत. एवढे झाल्यावर उरलेल्या पैशांत हौस.

थांबण्याचे पाहू. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. साध्या प्रतीचे नवे तेल सुमारे २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेले तेल मात्र १४० अंशांच्या आसपासच उकळू लागते. भरलेली गाडी तुळजापूरच्या घाटातून खाली येत असताना ते उकळले, की नळीत वाफ होते आणि पायाखालचा पेडल मऊ पडतो. ते तेल बदलायला आणि सिलिंडरमधले रबरी कप नवे घालायला फार खर्च येत नाही. टायरचेही तेच. नक्षी शाबूत दिसली म्हणून टायर चांगला ठरत नाही. प्रत्येक टायरच्या कडेवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ‘२३१४’ असे लिहिले असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. वाहनाचे वय मोजून ते भंगारात काढा म्हणणाऱ्या किती जणांनी टायरचे वय कधी वाचले आहे? आणि ज्या स्टेपनीच्या भरवशावर आपण निघतो, ती बहुधा सगळ्यांत म्हातारी असते.

तापण्याचे पाहू. आपल्या शहरात बोअरचे पाणी जड. तेच रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे ओतत राहिले की आत क्षार बसतात आणि नळ्या बुजतात. पाणी तापू लागले की पुष्कळ ठिकाणी थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला म्हणजे ताप मोजायचा नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखा आहे. थर्मोस्टॅट इंजिनाला योग्य उष्णतेवर ठेवतो. तो काढला की इंजिन थंड चालते, जास्त डिझेल खाते, लवकर झिजते, आणि बुजलेला रेडिएटर बुजलेलाच राहतो. रेडिएटरच्या झाकणाला तर आपण केवळ झाकण समजतो. ते आत दाब धरून ठेवते. सुमारे ०.९ बार दाब टिकला तर पाणी शंभराऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर गेले की ही सगळी सवलत गेली. हुमनाबादच्या पुढे बॉनेट उघडून, वाफेत उभे राहून देवाचा धावा करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा देव त्या झाकणात अडकलेला असतो.

इंधन आणि विजेचेही असेच आहे. डिझेलचा फिल्टर, त्याखाली साठलेले पाणी, नळीचे सैल सांधे, बॅटरीची पांढरी पडलेली टोके, अर्थिंगची गंजलेली तार, फॅन बेल्टच्या भेगा, यांपैकी एकही वस्तू महाग नाही. पण पावसाळ्यातल्या रात्री, उमरग्याच्या अलीकडे, मागचे दिवे बंद पडून रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली गाडी मागून येणाऱ्या ट्रकला दिसत नाही. तिथे दहा रुपयांचा फ्यूज आणि माणसाचा जीव यांची किंमत एक होते. आम्ही ‘भरवसा’ म्हणतो तो या क्षुल्लक वस्तूंवर उभा आहे. नव्या गाडीत तो कारखान्याने घातलेला असतो. जुन्या गाडीत तो मालकाने घालावा लागतो.

शेवटचा मुद्दा चाचणीचा. सगळी कामे निघण्याच्या आदल्या आठवड्यात उरकली, तर बिघाड वाटेत सापडणार हे नक्की. नवा घातलेला सुटा भागही दोषी असू शकतो, आणि घट्ट केलेला नटही सैल होतो. म्हणून दीड-दोन महिने आधी काम सुरू करावे. ते झाल्यावर नेहमीचा भार घालून जहीराबादपर्यंत जाऊन यावे, काय गळते, काय तापते, काय वाजते ते लिहून काढावे, दुरुस्त करावे आणि पुन्हा तेवढेच अंतर जावे. दोन फेऱ्या स्वच्छ झाल्या की मग पंढरपूरची गोष्ट बोलावी. त्यानंतर निघेपर्यंत काहीही नवे करू नये.

हे सारे करणार कोण, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर आपल्या शहरातच आहे आणि आपण ते हातचे घालवत आहोत. राणीगंजच्या सुट्या भागांच्या दुकानांत आणि ऑटोनगरच्या शेडांत असे उस्ताद अजून आहेत की ज्यांना इंजिनाच्या आवाजावरून व्हॉल्व्हची तक्रार कळते. ‘इसकू हात नक्को लगाओ’ असे ते म्हणतात, तेव्हा त्या ‘नक्को’मध्ये आपलाच ‘नको’ असतो. दखनी आणि मराठी या दोन भाषा एकाच अंगणात वाढल्याची ती खूण. पण या उस्तादांशी आपण वागतो कसे? हजारो रुपयांचे सीट-कव्हर आपण कुरकुर न करता घेतो, आणि तासभर गाडीखाली आडवे पडून तपासणाऱ्याला तीनशे रुपये देताना घासाघीस करतो. ‘काही बदललेच नाही, मग पैसे कशाचे?’ असे विचारतो. या प्रश्नाने आपण त्याला काय शिकवतो? तपासण्याला किंमत नाही, भाग बदलण्याला आहे, हे शिकवतो. मग तो चांगला पंप काढून नवा घालतो, आणि आपण त्याला लबाड म्हणतो. ज्या कामाचे आपण दाम देत नाही ते काम जगातून नाहीसे होते, यात नवल ते काय? उस्तादाची मुले दुसऱ्या धंद्यात गेली तर त्याचा दोष केवळ काळावर ढकलता येणार नाही.

याच्याही मागे एक जुने दुखणे आहे आणि ते आपले, मराठी घरांचे, आहे. निजामाच्या राज्यात आपले पूर्वज आले ते वकील, शिक्षक, कारकून, भिक्षुक, सावकार म्हणून. त्यांनी शाळा काढल्या, १९०७ साली विवेकवर्धिनी उभी केली, ग्रंथालये चालवली. हे ऋण मोठे आहे. पण या साऱ्यात लेखणीला जेवढा मान मिळाला, तेवढा पान्याला मिळाला नाही. काळे झालेले हात घेऊन दिवाणखान्यात येणारा मुलगा आपल्याला अजूनही ‘वाया गेलेला’ वाटतो. साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत मोटारीच्या ब्रेकवर लेख कशाला, असे ज्यांच्या मनात आले असेल, त्यांना आम्ही एकच दाखला देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्या नांगरांच्या आणि पंपांच्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, त्याच्या जोडीला ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली, आणि मराठी वाचकांच्या दोन पिढ्या त्यांवर पोसल्या. तेलकट हात आणि चांगले गद्य यांचे वैर नाही, हे मराठी साहित्याच्या इतिहासानेच सिद्ध केले आहे. ते वैर आपण निर्माण केले.

आमच्या म्हणण्याची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. जुन्या डिझेल इंजिनाचा धूर नव्या इंजिनापेक्षा कितीतरी घातक असतो. देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले ‘भारत स्टेज सहा’ हे मापदंड उगीच आलेले नाहीत. जुना पिकअप रोज सकाळ-संध्याकाळ शहरात फिरवावा, असे आम्ही म्हणत नाही. ज्याची चौकट गंजून भेगाळली आहे, ज्याचे इंजिन निळा धूर ओकते आहे आणि ज्याच्या दुरुस्तीचा खर्च त्याच्या उपयोगाबाहेर गेला आहे, तो पिकअप भावनेपोटी धरून ठेवावा, असेही आम्ही म्हणत नाही. तपासणीत गाडी नापास झाली तर तिला निरोप द्यावा. तिच्या मडगार्डला हार घालून पुन्हा महामार्गावर आणू नये. आमचा आग्रह एवढाच आहे की निकाल तपासणीनंतर द्यावा. पंचांगातली तारीख पाहून वाहन मोडीत काढणे आणि आंधळेपणाने ते रस्त्यावर आणणे, हे दोन्ही न्याय आरोपीला न पाहता दिलेले आहेत.

तेव्हा ज्या घरांत, ज्या मंडळांत असे वाहन आहे, त्यांच्यापुढे आम्ही चार मागण्या ठेवतो. पहिली, गाडीची एक नोंदवही ठेवा. कोणत्या दिवशी, किती किलोमीटरवर, काय बदलले, हे तिच्यात मराठीत लिहा. आपल्या घरांत जमाखर्चाच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या गेल्या आहेत, आणखी एक वही जड होणार नाही. दुसरी, उस्तादाला तपासणीचे पैसे वेगळे द्या, आणि काही बदलले नाही म्हणून ते कापू नका. तिसरी, घरातल्या दोन तरुणांनी, आणि त्यांत मुलीही आल्या, टायर बदलणे, तेल पाहणे, फ्यूज ओळखणे आणि डिझेलच्या नळीतली हवा काढणे एवढे तरी शिकल्याशिवाय गाडी शहराबाहेर जाऊ देऊ नका. चौथी, हौद्यात माणूस बसणार नाही, या नियमाला अपवाद करू नका. मग तो माणूस कितीही वडीलधारा असो, आणि अंतर कितीही थोडे असो.

या चार गोष्टींना मोठा निधी लागत नाही, ठराव लागत नाही, सरकारी परवानगीही लागत नाही. लागतो तो एका रविवारचा वेळ आणि हात काळे होण्याची तयारी. तेवढीही तयारी नसेल, तर मात्र भंगारवाद्यांचे म्हणणे मान्य करून गाडी खुशाल विकून टाकावी. कारण मग दोष तिच्या वयाचा उरत नाही. ती ज्या दारात उभी आहे, त्या दाराचा तो दोष ठरतो, आणि असल्या दारात नवी गाडी आणून उभी केली तरी पंधरा वर्षांनी तिचीही हीच गत होणार.